उंबऱ्यावर कोणाचे पाय धुतले?

१

गणेश चतुर्थीच्या दुपारी, चिखलीहून अमडापूरला येणाऱ्या रस्त्याच्या एका वळणावर, अर्पिता नावाची एकोणीस वर्षांची मुलगी मरून पडलेली सापडली. तिची स्कूटी वीस हात लांब सोयाबीनमध्ये उपडी झाली होती. विकायला नेलेल्या दुर्वांच्या जुड्या डांबरावर पसरल्या होत्या. लोक जमले तेव्हा तिला उडवणारी गाडी निघून गेली होती.

गाडी शोधावी लागली नाही. त्याच दिवशी तीन वाजता अमडापूरचे महादेवराव पाटील आपली उघडी, मोठ्या चाकांची जीप घेऊन स्वतः पोलीस ठाण्यात हजर झाले. कापसाची जिनिंग, दोन गोदामं आणि एक शिक्षण संस्था असलेला हा माणूस हात जोडून म्हणाला, "चूक आमच्या पोराची आहे. गाडी याने चालवली." शेजारी त्यांच्याच घरी राहणारा, त्यांच्या बहिणीचा मुलगा कुलदीप मान खाली घालून उभा होता. वय सतरा वर्षं चार महिने.

गावानं शिव्याही दिल्या आणि कौतुकही केलं. पोटचा नसला तरी घरातला मुलगा पाटलांनी लपवला नाही, हे कौतुक. सतरा वर्षांच्या मुलाला कायदा काय करणार, ही शिवी. बाल न्याय मंडळानं कुलदीपला मामाच्या ताब्यात दिलं आणि येत्या गुरुवारपर्यंत त्याच्याविषयी सामाजिक अहवाल मागवला.

तो अहवाल लिहिण्याचं काम बुलढाण्याच्या शालिग्राम इंगळे यांच्या टेबलावर आलं.

शालिग्राम इंगळे हा माणूस परिविक्षा अधिकारी कसा झाला, याचं त्यांना स्वतःलाच कोडं होतं. लोकांच्या घरी जायचं, माणसांना बोलतं करायचं, हे त्यांचं काम. आणि अनोळखी दाराची बेल वाजवण्याआधी ते दोनदा मागं फिरत. पुस्तकात बोट घालून बसलेला हा माणूस पुढच्या जूनमध्ये निवृत्त होणार होता आणि तेवढे महिने कुणाच्या डोळ्यांत न भरता काढावेत, एवढीच त्यांची इच्छा होती.

शुक्रवारी त्यांच्या दारात एक उन्हानं रापलेला माणूस येऊन उभा राहिला.

"साहेब, मी पुंजाजी. पोरीचा बाप."

इंगळे गडबडीनं उठले, खुर्ची पुढं केली. पुंजाजी टोकावर बसला. त्याचा भाजीपाल्याचा मळा त्याच रस्त्याला लागून होता.

"तुम्ही त्या कुलदीपचा अहवाल लिहून राह्यले म्हने."

"हो. म्हणजे त्याचं घर, शाळा, संगत, एवढंच."

"मंग माह्याकडून लिहून घ्या. रोज सायकलवर येऊन माह्या मळ्यातून भाजी नेते थो मामाच्या घरी. लय सरळ पोरगं. मी त्याले कधी ट्रॅक्टरच्या शीटवरबी बसलेलं नाही पाह्यलं. आन थो जीप हाकलते?"

"तो स्वतःच तसं म्हणतो आहे, पुंजाजी."

"म्हनते ना. मले कोनाची फाशी नाही पाह्यजे, साहेब. सजा कोर्ट पाहीन. पन माह्या पोरीले कोनं मारलं, त्याचं खरं नाव मले पाह्यजे. तिची माय रोज इचारते. मी कुलदीप म्हनतो, आन ते नाव माह्याच तोंडात अडकते."

इंगळ्यांनी चष्मा पुसला. "ते पोलिसांचं काम आहे. माझ्या नमुन्यात गाडी कोण चालवत होतं, असा रकानाच नाही."

"मंग कोनाच्या नमुन्यात हाय?" पुंजाजी म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेला.

इंगळ्यांनी फाइल उघडली. कुलदीपच्या वैद्यकीय तपासणीचा कागद वर होता. दोन्ही गुडघे सोललेले. दोन्ही मांड्यांवर, गुडघ्याच्या वर, एका ओळीत आडवा काळानिळा पट्टा. छाती, मनगटं, कपाळ यांवर काही नाही. खाली डॉक्टरांनी घाईत लिहिलं होतं, 'स्टिअरिंगचा मार असावा.'

इंगळ्यांनी आपल्या खुर्चीत बसून दोन्ही हात हवेत धरून पाहिले. स्टिअरिंग छातीला लागेल, पोटाला लागेल. दोन्ही मांड्यांवर सरळ रेघ कशी उमटेल?

मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी हात खाली घेतले.

२

ते अमडापूरला गेले तो सोमवार महालक्ष्म्यांच्या जेवणाचा होता. गल्लीगल्लीत पुरणाचा आणि आंबिलीचा वास कोंदला होता. पाटलांच्या बंगल्यात मात्र स्वयंपाकघर गार होतं. सबंध गावाला ज्यांच्याकडच्या महालक्ष्म्यांचं बोलावणं जायचं, त्या घरात ताट वाजत नव्हतं.

"यंदा महालक्ष्म्या नाहीत," महादेवराव स्वतःच म्हणाले. "घरात असं झाल्यावर कुठलं आलं सणाचं?"

इंगळ्यांना ते बरं वाटलं. दुसऱ्याच्या मुलीसाठी कुणी सण बंद ठेवतो, हे त्यांनी मनात टिपून घेतलं.

दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गणपती बसला होता. हातभर उंच, शाडूचा, तुकतुकीत रंगाचा. खाली लाकडी पाट, पाटाला पितळी पट्टी. एक शेजारीण आपल्या घरून झाकलेलं ताट घेऊन आली, नैवेद्य दाखवला, घंटा वाजवली आणि न बोलता गेली. पाटलांच्या पत्नी छायाबाई तेवढा वेळ दूर, दाराजवळच्या खुर्चीत हात जोडून बसून होत्या. दुःखानं माणसाला देवाजवळ जायचाही धीर होत नाही, असं इंगळ्यांना वाटलं.

"हीच मूर्ती त्या दिवशी जीपमध्ये होती का?" त्यांनी विचारलं.

"हीच," महादेवराव म्हणाले. "गाडीचा पुढचा भाग चेपला, दिवा फुटला, गाडी नालीत जाऊन आदळली. मूर्तीच्या सोंडेचा रंगसुद्धा उडाला नाही. गाव म्हणते, गणपतीनं पोरं वाचवली."

"हर्षल, सांग साहेबांना," छायाबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

हर्षल त्यांचा मुलगा. वय एकोणीस, पुण्याला इंजिनिअरिंगला, सणाला आलेला. मोबाइल उलटा ठेवून तो नीट बसला.

"चिखलीतून निघताना मीच चालवत होतो, सर. वाटेत पाणी घ्यायला थांबलो. परत येईपर्यंत कुलदीप स्टिअरिंगवर बसलेला. म्हणाला, 'दादा, आज मले चालवू दे.' उशीर होत होता. मी गणपती मांडीवर घेतला आणि बसलो. माझी चूक झाली."

"मूर्ती तुमच्या मांडीवर होती?"

"हो सर. घरापर्यंत."

"मग ती वाचली कशी?"

"घट्ट धरली होती," हर्षल म्हणाला. त्याच्या हातावर, पायावर, तोंडावर कुठं ओरखडा नव्हता.

"गाडीचा मालक म्हणून माझ्यावर जे येईल ते मी भोगीन," महादेवराव म्हणाले. "पण पोराचं आयुष्य वाया जाऊ नये, एवढंच तुमच्या हातात आहे. पोरगं गुणी आहे, असं लिहिलं की झालं. आणि ते खरंही आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जूनमध्ये रिटायर होता ना? आमच्या संस्थेत वाचनालय काढलं आहे. पाच हजार पुस्तकं आली, गठ्ठेसुद्धा सोडले नाहीत. ज्याला पुस्तकाची जाण आहे असा माणूस सापडत नाही."

पाच हजार. सुतळी न सोडलेली. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, म्हणजे चेहरा दिसू नये.

"मी कुलदीपशी एकट्यानं बोलतो," ते म्हणाले.

३

कुलदीप गच्चीवर भेटला. हडकुळा, ओठांवर नुकती मिसरूड. तो पाठ केल्यासारखं बोलला. गाडी मी चालवत होतो, वेग जास्त होता, ताई समोरून आली, मी घाबरलो, पळालो. हर्षलदादाचा काही दोष नाही.

"गाडी कुठं शिकलास?"

"अशीच. पाहून पाहून."

"गणपती कुणाकडे होता?"

"दादाकडे."

"मूर्तीवर काय झाकलं होतं?"

"लाल फडकं. वारा आला का उडे, म्हणून हनुवटीखाली दाबून..." कुलदीप थांबला. त्यानं हात मागं घेतला. "दादानं दाबून धरलं होतं."

इंगळ्यांनी वहीत पाहिलं. काय विचारावं ते त्यांना सुचेना. शेवटी नमुन्यातला पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, "झाल्या गोष्टीबद्दल तुला काय वाटतं?"

मुलाचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मीच मारलं तिले, साहेब."

हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. इंगळ्यांनी पंचवीस वर्षं अशी मुलं पाहिली होती. पाठ केलेलं आणि खरं यांतला फरक त्यांना पुस्तकांपेक्षा याच मुलांनी शिकवला होता.

"तुला भीती नाही वाटत? मंडळासमोर जायचं आहे."

"वकीलसाहेब म्हणे, अठराच्या आत हाय तं काही होत नाही. कामधंद्यालेबी आड येत नाही. काही वर्षांनी कागदबी राहत नाही." तो किंचित थांबला. "दादा एकोणीसचा हाय ना."

ते त्याच्या तोंडून निसटलं. खाली कुणीतरी जोरात हाक मारली, "कुलदीप, खाली ये बे!" आणि तो धावत गेला.

इंगळे तिथंच उभे राहिले. सारा जिल्हा म्हणत होता की, श्रीमंत घरानं आपला मुलगा कायद्यातून सोडवण्यासाठी त्याच्या कमी वयाचा आधार घेतला. कुणी असं विचारलं नव्हतं की, त्या घरात कमी वय नक्की कुणाच्या उपयोगी पडलं.

पण हे सारं मनातलं. कुलदीप म्हणतो मीच मारलं, आणि ते खरं म्हणतो. मग खोटं कुठं आहे?

४

बस अर्ध्या तासानं होती. इंगळे कोपऱ्यावर उभे असताना मघाची शेजारीण आपल्या दारातून म्हणाली, "साहेब, उपाशी चालले का? महालक्ष्म्याईचं जेवन हाय. दारावरून मानूस जेवल्याबगर जात नाही."

त्यांचा संकोच तिनं चालू दिला नाही. तिचं नाव कलाबाई. नवरा पाटलांच्या जिनिंगवर वजनकाट्यावर कामाला होता. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी असं ताट पुढं आलं. मखरात दोन महालक्ष्म्या नव्या लुगड्यांत उभ्या होत्या.

"पाटलांकडे यंदा सामसूम आहे," इंगळे काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले. "त्या मुलीचं वाईट वाटून त्यांनी सण ठेवला नाही. मोठं मन आहे."

कलाबाई तूप वाढता वाढता हसली. "मन? अहो साहेब, सोयर हाय त्याईले! पाटलाचे चुलतभाऊ किसनराव, त्याईच्या सुनेले चतुर्थीच्या दोन दिवस अगोदर पोरगी झाली. मंग दहा दिवस सोयर. भाऊबंदात कोनालेच देवाले हात लावता येत नाही. महालक्ष्म्या अपघाताच्या अगोदरच रद्द झाल्या होत्या."

इंगळ्यांनी घास ताटात परत ठेवला.

"मग गणपती कसा बसला?"

"गनपती पाटलाच्या घरी एकबी साल चुकला नाही. म्हनून पाटलीनबाई मले म्हने, कले, पूजा तू कर. तूच निवद दाखव. आमी देवाजवळ येत नाही. लय पक्की बाई सोवळ्याची. समईलेबी हात लावत नाही."

"आणि मूर्ती? दुकानातून आणली कुणी?"

"कुलदीपनं. भाच्याले मामाच्या घरचं सोयर लागत नाही. म्हनून तं त्याले धाडलं. हर्षल आपला गाडी न्यायले. गाडीले काही सोयर नाही."

इंगळ्यांनी पाण्याचा घोट घेतला.

"कलाबाई, मूर्ती दाराशी आली की आणणाऱ्याचे पाय धुतात ना? त्या दिवशी उंबऱ्यावर कोणाचे पाय धुतले?"

"कुलदीपचे. मीच धुतले. डोक्यावर टोपी, हातात गनपती, थरथर कापे पोरगं. म्या म्हटलं, दमलं आसन. पायावर पानी टाकलं तं लाल व्हाले लागलं. मले वाटलं, कुंकू हाय. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला अन्..."

ती थांबली. तिच्या हातातलं तुपाचं भांडं तिरपं झालं.

"व माय," ती हळूच म्हणाली. "पाटील तं म्हनतेत, जीप त्यानं चालवली."

मग तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज आणखी उतरवला. "साहेब, माह्ये मालक जिनिंगवर हायेत. माह्यं नाव कुठं लिहू नोका."

५

दोन दिवस इंगळ्यांना धड जेवण गेलं नाही. कलाबाईचं नाव न घेता ही गोष्ट सिद्ध कशी करायची? आणि आपण कोण सिद्ध करणारे? उलटं निघालं तर? वाटेत मूर्तीची अदलाबदल झाली, दाराशी कुलदीपनं पुन्हा घेतली, असं पाटील सहज म्हणतील. त्यावर भांडायला लागणारा आवाज देवानं आपल्याला दिलेला नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी जे जमतं तेच केलं. अहवाल लिहिला. पाटलांच्या घरानं जसं सांगितलं तसाच, अक्षर न बदलता; फक्त सारं गाव जाणतं अशी एकच गोष्ट त्यात वाढवली.

बुधवारी ते पुन्हा बंगल्यावर गेले. कुलदीपची आई वच्छलाबाई बीबी गावाहून आलेली होती. तिचा जबाबही नमुन्यात लागत होता. ती भिंतीशी जमिनीवर बसली होती. छायाबाई दाराजवळच्या त्याच खुर्चीत होत्या. हर्षल, कुलदीप, महादेवराव, सगळे हजर होते.

"उद्या दाखल करण्याआधी वाचून दाखवतो," इंगळे म्हणाले. "काही चुकलं असेल तर सांगा."

कुलदीपचं शिक्षण, स्वभाव, मामाचे उपकार, सारं त्यांनी वाचलं. महादेवराव मान डोलवत होते. मग इंगळे कागदात नाक खुपसून पुढं वाचू लागले.

"'घरातील आचार-विचार. घटनेच्या दिवशी कुटुंबास सोयर होते. तरीही कुटुंबातील मुलगा हर्षल याने मूर्ती स्वतःच्या मांडीवर घेऊन घरापर्यंत आणली आणि तीच मूर्ती घरात बसवण्यात आली. यावरून कुटुंब सोयर-सुतक फारसे पाळत नाही असे...'"

"काय लिहिलं?" छायाबाई उठून उभ्या राहिल्या. "आमी पाळत नाही?"

"छाया, बस," महादेवराव म्हणाले.

"बस काय? हे सरकारात जाईन! माह्या घरात सोयरातला हात लागलेला गणपती? सबंध गाव तोंडात शेण घालीन!" त्या इंगळ्यांकडे वळल्या. "खोडा ते, साहेब! हर्षलनं बोटबी लावलं नाही. म्या उंबऱ्यावरच विचारलं होतं, म्हटलं, कुलदीप, खरं सांग, वाटेत दादाचा हात तं नाही ना लागला? थो म्हणे, नाही मामी, दुकानापासून मांडीवरून खाली ठेवला नाही. मंगच आत घेतला मी!"

छायाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, मग मुलाच्या. आणि त्यांना कळलं. त्या खुर्चीत बसल्या नाहीत, खुर्चीचा हात धरून तशाच उभ्या राहिल्या.

इंगळे कागदांकडे पाहतच बोलले. लोकांकडे पाहिलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

"म्हणजे मूर्ती सबंध वाट कुलदीपच्या मांडीवर होती. हातभर उंच मूर्ती, खाली पाट, आणि वारा लागून फडकं उडू नये म्हणून हनुवटीखाली दाबलेलं. असा माणूस जीप चालवू शकत नाही. गाडी नालीत आदळली तेव्हा पाटाची पट्टी त्याच्या मांड्यांत रुतली. तो आडवा वळ सरकारी कागदावर आहे. डॉक्टरांना तो स्टिअरिंगचा वाटला. त्यानं मूर्तीवर अंग टाकलं, गुडघे पुढं घासले, म्हणून मूर्ती वाचली. हर्षलच्या अंगावर ओरखडा नाही, कारण त्याला धरायला स्टिअरिंग होतं. जीपमध्ये दोघंच होते. एकाचे हात मोकळे नव्हते."

महादेवराव शांतच होते. "हे कोर्टात टिकत नाही, इंगळे. बायकांच्या सोवळ्या-ओवळ्याच्या गोष्टी आहेत. वकील दोन मिनिटांत उडवतील."

"टिकेल की नाही, मला खरंच माहीत नाही," इंगळे म्हणाले. "पण मी जे ऐकलं ते खोडणार नाही."

"आणि पोराचं नुकसान काय होत होतं? त्याला काहीच होणार नव्हतं!"

"दादा," भिंतीशी बसलेली वच्छलाबाई पहिल्यांदाच बोलली. "काहीच होनार नव्हतं, तं मंग हर्षलले काऊन नाही उभं केलं तठी?"

"तुला कायदा कळत नाही, वच्छले. हर्षल एकोणीसचा आहे. त्याला दहा वर्षं..."

"मले कायदा नाही कळत. पन तुह्या पोराले दहा वर्सं अन् माह्याले काहीच नाही, एवढं तुले एका दुपारात कळलं."

हर्षल उठून जाऊ लागला. कुलदीपनं त्याच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "मामानं मले मारलं-झोडलं नाही, साहेब. मामा म्हणाले आन मी हो म्हटलं. मले ते बरोबरच वाटलं."

"का रे?" इंगळ्यांनी विचारलं.

"मामीचा दोनदा फोन आला, मुहूर्त टळते म्हणून. दादा एका हातानं फोन लावून चालवे. ताई उडाली. गाडी नालीत गेली. दादानं मागं घेतली. ताई जिवंत होती, साहेब. बोलत होती. पाण्याची बाटली माह्या पायाजवळ होती. माह्या मांडीवर गणपती. रस्त्यावर ठेवावा तं मामी म्हणे उंबऱ्याच्या अगोदर खाली ठेवाचा नाही. दादाजवळ द्यावा तं दादाले सोयर. मी एवढा इचार करत राह्यलो, आन तेवढ्यात दादानं गाडी काढली." त्यानं आपले तळहात पाहिले. "मी उतरलो नाही. म्हणून म्हणतो, मीच मारलं."

छायाबाईंनी तोंडाला पदर लावला. महादेवराव खिडकीशी गेले आणि कुणाला तरी फोन लावू लागले. पण पलीकडून फोन उचलला गेला तेव्हा त्यांनी तो कापला.

वच्छलाबाई उठली. तिनं मुलाचा दंड धरला. "चाल. उद्या साहेबासोबत बुलढान्याले जाऊ अन् हेच सांगू."

६

गुरुवारी मंडळासमोर कुलदीपनं सारं सांगितलं. इंगळ्यांनी अहवालात छायाबाईंचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं; कलाबाईचं नाव लिहावं लागलं नाही. शनिवारी हर्षलला अटक झाली आणि पुरावा दडवल्याबद्दल महादेवरावांचंही नाव गुन्ह्यात आलं. नागपूरहून मोठे वकील आले. जामीन होईल, तारखा पडतील, जिनिंगवरच्या माणसांना खोट्या साक्षी द्यायला सांगितलं जाईल, हे इंगळ्यांना दिसत होतं. छायाबाईही उद्या म्हणतील की मी तसं बोललेच नाही. आपण केलं ते पुरेसं होतं का, या प्रश्नानं त्यांची पाठ सोडली नाही.

पण एक काम बाकी होतं. रविवारी ते पुंजाजीच्या मळ्यावर गेले. या वेळी ते मागं फिरले नाहीत.

पुंजाजी वांग्यांच्या वाफ्यात उभा होता. इंगळ्यांनी त्याला नाव सांगितलं. पुंजाजीनं ते दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं, हर्षल, हर्षल, आणि मान हलवली.

"हे आता मी तिच्या मायले सांगू शकतो," तो म्हणाला. मग, "साहेब, तुम्ही आखीन काही दाबून ठेवून राह्यले. तुमच्या तोंडावर दिसते."

इंगळ्यांना खोटं बोलता आलं असतं. सुटका म्हणून, दया म्हणूनही. त्यांनी सांगितलं की अर्पिता लगेच गेली नव्हती. ती बोलत होती. कुलदीपनं ते ऐकलं होतं.

पुंजाजी खाली बसला.

"त्या पोराले घेऊन या," तो म्हणाला. "मी त्याले काही करत नाही. मले त्याच्या तोंडून ऐकाचं हाय."

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई आणि इंगळे कुलदीपला घेऊन आले. तो बांधावर पुंजाजीच्या समोर बसला. त्याला वर पाहता येत नव्हतं.

"काय म्हने ती?" पुंजाजीनं विचारलं.

कुलदीपनं ओठ ओले केले. "म्हणे, माह्या बाबाले हाक मारा. इथंच वावरात हायेत."

पुंजाजीनं रस्त्याकडं पाहिलं. वळण तिथून दिसत होतं. हाक दिली असती तर ऐकू गेली असती, एवढ्याच अंतरावर.

"मी इथंच होतो," तो म्हणाला.

वच्छलाबाईनं मुलाच्या खांद्यावरचा हात काढला नाही. पुंजाजीनं हातातलं खुरपं बाजूला ठेवलं आणि कुलदीपच्या जवळ सरकला.

"पुन्हा सांग," तो म्हणाला. "जशी म्हनली, तस्सं."

कुलदीपनं पुन्हा सांगितलं.